सामानाजवळ कोणीतरी

"तू बस सामानाजवळ, आमी बेट पाहून येतो," गुलाबराव टोपी चढवत म्हणाले.

प्रभावतीने चपला पायात सरकवल्या. "मी नाही बसत."

गुलाबराव हसले. त्यांना ती थट्टाच वाटली.

जहाज कोचीहून लक्षद्वीपला निघालेलं. दिवसा एक बेट दाखवायचं, रात्री पुढच्याकडे न्यायचं. बाबा रिटायर झाले म्हणून ही सहल लेकीने, गौतमीने, हट्टाने ठरवली होती. जयपूरहून एर्नाकुलमपर्यंत रेल्वेचा पास आणि पुढे हे जहाज. गुलाबरावांची हयात जयपूरला टी.सी.च्या नोकरीत गेली. चोरीला गेलेल्या बॅगांपायी रडणारी माणसं पाहून पाहून त्यांनी असा धसका घेतला, की घराचा कायदाच झाला: सामानाजवळ कोणीतरी हवं. कोणीतरी म्हणजे प्रभावती, हे कुणाला सांगावंही लागत नसे.

पासावर ती अख्खा देश फिरली आणि तिने पाहिल्या त्या वेटिंग रूम. "आमी आलो का तू जा," असं गुलाबराव दर ठिकाणी म्हणायचे. ते येईपर्यंत गाडीची वेळ झालेली असायची. बोधगयेच्या वेळीसुद्धा ती गया स्टेशनात होल्डॉलवर बसून राहिली. गुलाबरावांनी तिच्यासाठी बोधिवृक्षाचं पान आणलं, अगदी प्रेमाने. जयपूरला दुर्गापुऱ्याच्या घरात ते फ्रेममध्ये आहे. शेजारणी हात जोडून विचारतात, "भाभीजी, आप खुद लाई थीं?" आणि दर वेळी तिच्या जिवाला लागतं.

इथेही पहिली दोन बेटं तिने केबिनच्या गोल काचेतून पाहिली. हे शेवटचं होतं.

"बाबा, केबिनला लॉक आहे ना," गौतमी म्हणाली.

"त्या कुलपाची चाबी किती जणांजवळ असते, मले विचार!"

"अन् चोर पळून जाईन कुठी? समुद्रात?" प्रभावती म्हणाली.

"अवं, गुडघे पाह्य आपले! त्या होडीत उतरता येईन का तुले?"

"हे गुडघे आजवर तुमचं सामान सांभाळत बसले. आता माह्ये मले पाह्यजेत."

बर्थच्या पायाला सूटकेस साखळीने जखडलेली होती, रेल्वेत जखडायची तशीच. प्रभावतीने पदराची गाठ सोडून साखळीची किल्ली काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"भेव वाटते तं तुमी बसा. मी आली का तुमी जा."

ते वाक्य गुलाबरावांनी ओळखलं. किल्ली मुठीत धरून ते सूटकेसशेजारी बसले.

"आई, मतलब, तू खरंच चालली?" गौतमी मागून धावली.

जहाजाच्या शिडीखाली होडी वर-खाली हेलकावत होती. खाली खलाशांनी हात पुढे केले. "भैया, कसके पकड़ना," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात देऊन पाय टाकला. गुडघ्यातून कळ निघाली. तिने ती कुणाला कळू दिली नाही.

मागोमाग गौतमीही उतरली. होडी सुटली तेव्हा प्रभावतीने वर पाहिलं. जहाजाच्या अंगावर गोल काचांची रांग होती. एका काचेमागे टोपी घातलेला चेहरा होता.

"तुमच्यासाठी शिंपला आणीन!" ती ओरडली.

काचेतून त्यांना ऐकू जाणार नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हिरवं-निळं पाणी जवळ येऊ लागलं, नारळाची झाडं मोठी होऊ लागली. प्रभावतीने रिकामे हात मांडीवर ठेवले आणि मान समोर वळवली.