कठड्यावरची गाठ

गल्लीखालच्या गटारांचे नकाशे नगरपालिकेने केव्हाच गहाळ केले होते. आता एक संस्था मदतीला आल्यावर नगरपालिका मोठ्या ऐटीत भागीदार झाली, म्हणजे सही-शिक्क्यापुरती. बंद पडून रस्त्याखाली बुजलेली चेंबरं शोधायला संस्थेची मुलगी आली, तेव्हा गल्लीने एकच नाव पुढे केलं, दोरवाले.

निवृत्त होईपर्यंत दोरवाल्यांचं काम एकच होतं. माणूस चेंबरमध्ये उतरला की त्याच्या कमरेचा दोर वर धरून बसायचं.

"एक हिसका म्हणजे ठीक आहे," त्यांनी मुलीला सांगितलं. "दोन म्हणजे बादली ओढ. तीन म्हणजे मला ओढ, लवकर."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. "आणि दोर कुठे बांधून ठेवला तर, काका?"

"बांधायचा नाही! हातातच धरायचा. खांबाला काय कळतंय?" ते असे खेकसले की मुलगी चपापली.

सोळा चेंबरं त्यांनी बिनचूक दाखवली. सतरावं मात्र आठवत नाही म्हणाले. ते त्यांना स्वतःच्या घराइतकं ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी तिथे त्यांच्या बहिणीचा नवरा विषारी वायूने गुदमरून गेला. "दोर माझ्या हातातच होता, हिसका आलाच नाही," असं त्यांनी बहिणीला सांगितलं होतं. खरं म्हणजे दोर चेंबरजवळच्या कठड्याला बांधून ते समोर चहा प्यायला गेले होते. बहिणीने त्यांच्यावर विश्वास ठेवला, त्यांना आपल्या घरी आणलं, रोज गरम जेवायला वाढलं. त्या जेवणाने त्यांचा जीव नकोसा व्हायचा. हातात छत्री असो की पिशवी, तिला खालून कोणीतरी तीनदा ओढायचं.

मेव्हण्याला बाहेर काढताना दोर कापला, पण गाठ कठड्यावरच राहिली. नगरपालिका दरवर्षी तिच्यासकट कठडा रंगवत आली.

आणि आता सतरावं चेंबर तुंबल्यामुळे घाण पाणी बहिणीच्याच स्वयंपाकघरात शिरत होतं. तिसऱ्या दिवशी दोरवाल्यांना राहवलं नाही. ते मुलीला घेऊन कठड्यापाशी गेले. तिथे संस्थेची माणसं चेंबरची जुनी खूण सापडते का बघायला कठड्याचा रंग खरवडत होती. त्यांच्यात मदतीला आलेली बहीणही होती. तिच्या हातातल्या खरवडायच्या पत्र्याखालून सुंभाची गाठ निम्मी उघडी पडली होती.

दोरवाले पुढे झाले. "माझी गाठ आहे ती," ते म्हणाले. "मी खोटं बोललो होतो. दोर बांधून मी चहाला गेलो होतो."

बहिणीचा पत्रा थांबला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्या दिवशी मी डबा घेऊन आले होते. तू नव्हतास. दोर नुसता हिसके खात होता आणि कठडा वाजत होता. तीनदा. मला वाटलं, तुमचं काहीतरी काम चाललंय. डबा ठेवला आणि घरी गेले." तिने गाठीकडे पाहिलं. "तुम्ही दोघं कामाचं घरी कधी बोलायचा नाहीत. दादा, तीनदा म्हणजे काय असतं रे? वीस वर्षं विचारायचा धीर झाला नाही."

मुलीच्या हातात वही उघडीच होती. दोरवाल्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"तीनदा म्हणजे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "जरा दम खातो, असं."

बहिणीने वीस वर्षांचा श्वास सोडला आणि ती पुन्हा रंग खरवडू लागली. मुलीने वही हळूच मिटली. दोरवाल्यांनी झाकणाची जागा बोटाने दाखवली, आणि त्याच हाताला हिसके बसू लागले. एक, दोन, तीन.