सातव्या खंडाचं पार्सल

‘धुक्याचे नावाडी’ या कादंबरीचा सातवा आणि शेवटचा खंड येणार, ही बातमी फान पेइ-चीला कळली तेव्हा ती तैवानमधल्या च्यायी शहरात, चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. फोनवरची ओळ तिने वाचली आणि आजोबांचा तोच चष्मा तीनदा पुसून दिला. आजोबा म्हणाले, “पोरी, काच झिजेल.”

तिचा तरी काय दोष? सतरा वर्षं झाली होती. जपानमधली लेखिका सहावा खंड लिहून जी गप्प बसली ती बसलीच. तैवानमध्ये या कादंबरीचा अनुवाद चौथ्या खंडानंतर बंद पडला होता, प्रकाशकाने गाशा गुंडाळला म्हणून. पुढचे खंड हवे असतील तर जपानी पुस्तकच मागवायचं. तेव्हा इंटरनेटवर चाहत्यांचा एक गट जमला, आणि पेइ-चीने उमेदीची दोन वर्षं जपानमध्ये, फुकुओकातल्या चष्म्याच्या दुकानात काढलेली असल्यामुळे आणि तिला जपानी येत असल्यामुळे मुकादमी आपोआप तिच्या गळ्यात पडली. सगळे तिला मुकादमच म्हणायचे. गटात तिचं नाव होतं ‘चष्मा’.

पद्धत अशी होती. मुकादमाने लिहायचं, “मागवतेय, कोणाकोणाला हवं?” ज्याला हवं त्याने खाली ‘+१’ लिहायचं, बाकी बोलायचं काम नाही. सगळ्यांची पुस्तकं एका खोक्यातून पेइ-चीकडे यायची. ती प्रत्येकाचं वेगळं बांधून ज्याच्या त्याच्या घराजवळच्या, रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात पाठवायची. तिथे ओळखपत्र दाखवल्याशिवाय पार्सल देत नाहीत, म्हणून पार्सलवर खरं नाव लिहावं लागतं. त्यामुळे गंमत अशी झाली होती की गटातल्या एकाचंही तोंड पेइ-चीने पाहिलेलं नव्हतं, पण खरी नावं आणि कोण कुठल्या कोपऱ्यावर राहतं एवढं तिला पाठ होतं.

पुस्तक सगळ्यांच्या हातात पडलं की संध्याकाळी आठला सगळे एकदम उघडायचे. त्याआधी कोणी पान उलटायचं नाही, ही शपथ होती. बहुतेकांना जपानी येत नव्हतं. चिनी अक्षरं ओळखीची वाटायची, पण अर्थ अर्धाच लागायचा. मग पेइ-ची एकेका प्रकरणाचा सारांश लिहायची आणि चौदा माणसं चौदा गावांत बसून त्यावर भांडायची. चौदांपैकी सर्वांत भांडखोर होता ‘खारा मासा’. पेइ-चीने काहीही लिहिलं की पहिला आक्षेप त्याचा.

पेइ-ची पंचेचाळिशीला आली होती. एकटी राहायची. आई-वडील गेले, भाऊ तैपेईत, तो नवीन वर्षाला फोन करायचा. एकटेपणाचं रडगाणं तिने कधी गायलं नाही. पण संध्याकाळी आठ वाजले की तिला काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटायचं, आणि ते काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टर्कीचं मांस घातलेल्या भाताचा वाडगा बाजूला सारून तिने गटावर लिहिलं, “सातवा मागवतेय. कोणाकोणाला हवा?”

पूर्वी असं लिहिल्यावर तासाभरात तेरा ‘+१’ यायचे. आता दोन दिवसांत तीन उत्तरं आली. एकीने लिहिलं, “मुकादम, मी मागवला गं. हल्ली जपानमधली दुकानं थेट घरी पाठवतात. आणि फोन पानावर धरला की भाषांतर दिसतं, तुला तेवढाच त्रास कमी.” दुसऱ्याने लिहिलं, “बारीक अक्षर वाचवत नाही आता, हाहा, तुला काय सांगायचं.” तिसरीने बाळाचा फोटो टाकला. बाकीच्यांनी वाचलं आणि मूग गिळून बसले.

खाऱ्या माशाचंही उत्तर नव्हतं. पण सहावा खंड संपला त्या संध्याकाळी त्याने लिहिलेलं पेइ-चीने जपून ठेवलं होतं: “सातवा कधी येईल तेव्हा येवो, माझा एक धरच. विचारू नकोस.” म्हणून तिने विचारलं नाही. फुकुओकातल्या पुस्तकांच्या दुकानाला दोन प्रती सांगितल्या. दोघं असली तरी एकत्र वाचन होतं, असं तिने स्वतःला समजावलं. एकच माणूस उरलं तर मात्र ते नुसतं पुस्तक, आणि त्यासाठी ती सतरा वर्षं थांबली नव्हती.

पुस्तकं आली. स्वतःची प्रत तिने प्लॅस्टिकसकट तशीच ठेवली. खाऱ्या माशाची प्रत फुगेवाल्या कागदात दोनदा गुंडाळली, वर खरं नाव लिहिलं, वेन योउ-तिंग, आणि पूर्वेकडच्या क्वानशान गावातल्या स्टेशनाजवळच्या दुकानात पाठवली. त्याला निरोप टाकला: “तुझा सातवा निघाला. घेतलास की सांग, मग आठ वाजता उघडू.”

त्याने हात उंचावलेल्या सशाचं चित्र पाठवलं. पुढे काही नाही.

दुकानात पार्सल सात दिवस राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत येतं. पेइ-ची रोज सकाळी, दुपारी आणि दुकान बंद करताना फोनवर बघायची. पार्सल पोचलं, घ्यायला कोणी आलेलं नाही. तिसरा दिवस, चौथा, पाचवा, तेच. पुन्हा विचारणं तिच्या जिवावर येत होतं. मागे लागल्यासारखं दिसलं असतं, आणि तिला तसं दिसायचं नव्हतं, जरी ती मागेच लागली होती.

सहाव्या दिवशी शनिवारी तिने मालकिणीला, त्सेंगकाकूंना, सांगितलं, “उद्या मला सुट्टी हवी. क्वानशानला जाऊन येते.”

काकूंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. “क्वानशानला कोण आहे तुझं?”

“ओळखीचा आहे एक.”

“पुरुष?”

“नाव पुरुषाचं आहे.”

“नाव पुरुषाचं आहे म्हणजे? बाकीचं बघितलं नाहीस?”

“काकू, पुस्तकाचं काम आहे.”

“अगं, बारा वर्षांत तू एकदा रविवारची सुट्टी मागत्येस, ती पुस्तकासाठी?” काकू म्हणाल्या. “जा बाई. केस तरी धुऊन जा.”

पेइ-चीने केस धुतले. पहाटे गाडी धरली, काओश्युंगला बदलली, डोंगर ओलांडून तायतुंगला पुन्हा बदलली. बॅगेत स्वतःची प्रत होती. तो आजारी असेल, कामात असेल, निरोप बघितला नसेल, अशी सगळी कारणं तिने त्याच्या वतीने प्रवासात तयार केली. आणि आला तर काय म्हणायचं तेही ठरवलं: “खाऱ्या माशा, मी चष्मा.” एवढंच. मग तो हसेल, स्टेशनाबाहेर कुठेतरी बसू, प्लॅस्टिक फाडू आणि पहिलं प्रकरण ती त्याला तोंडी सांगेल. आठ वाजायची वाट कशाला बघायची? समोरासमोर भांडण कसं होतं हे तिला एकदा बघायचं होतं.

अकरा वाजता ती त्या दुकानात पोचली. खिडकीशी उंच स्टुलं होती. तिने चहात उकडलेली दोन अंडी आणि गार कॉफी घेतली आणि काचेकडे तोंड करून बसली. गल्ल्यामागचं पार्सलांचं कपाट काचेत उलटं दिसत होतं. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती, ती मधूनमधून पेइ-चीकडे बघायची. बारा वाजले, एक वाजला. पेइ-चीने उठून आणखी एक कॉफी घेतली, बसायचं भाडं दिल्यासारखी. भाताच्या गिरणीचे कामगार आले, सायकलवाले पाहुणे आले, पार्सलं न्यायला चौघे आले. त्यांतला कोणीच वेन नव्हता.

अडीचच्या सुमाराला एक स्कूटर थांबली. गिरणीचं नाव छापलेला शर्ट, पायात रबरी चपला, चाळिशीचा गोलमटोल माणूस आत आला. मागून त्याची बायको, हातात भाजीची पिशवी.

“वेन योउ-तिंग,” तो गल्ल्यावर म्हणाला आणि ओळखपत्र पुढे केलं.

पेइ-चीचा जीव भांड्यात पडला. आला होता, शेवटच्या दिवशी का होईना. ती स्टुलावरून उतरणार, एवढ्यात बायकोने विचारलं, “काय मागवलंस रे?”

“मी नाही मागवलं. ती च्यायीची बाई नाही का, चष्मा? तिने पाठवलंय.”

“ती अजून पाठवते?”

“शेवटचा भाग आहे म्हणे.”

“मग घेऊ नकोस ना. आपोआप परत जाईल.”

“तेच करणार होतो,” तो म्हणाला. “आठवडाभर टाळलं. पण परत गेलं तर तिलाच जाऊन सोडवून घ्यावं लागणार. बरं नाही वाटलं.”

“वाचणार आहेस का?”

“कुठला वाचतोय आता? आधीचे तरी कुठे आहेत?”

“दोन वॉशिंग मशीनखाली आहेत,” बायको म्हणाली. “डुगडुगत होतं ना. आता बरोबर बसलंय.”

दोघं हसली. पेइ-चीचा एक पाय जमिनीवर, एक स्टुलाच्या दांडीवर, तशीच ती राहिली. तोंड काचेकडे होतं म्हणून बरं.

“मग तिला सांगून टाक की सरळ,” बायको म्हणाली.

“काय सांगू? गटात बोलणारं कोणी उरलं नाही. मीही नाही म्हटलं तर त्या बाईने काय करायचं? तिला दुसरं कोणी असेलसं वाटत नाही मला.”

“ती काय तुझी आत्या लागते?”

“चांगली आहे गं. तासभर बसायचं, हो हो करायचं, एवढंच.”

पार्सल हातात घेऊन तो दाराशी थांबला आणि फोन काढून काही लिहू लागला. पेइ-चीच्या हातातला फोन थरथरला. “मुकादम, मिळालं पुस्तक. केवढं जाड आहे. आज आठ वाजता?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, आणि लाजेच्या आत दुखलं. त्याने काही वाईट केलं असतं तर रागावता तरी आलं असतं. पण तो बिचारा रविवारच्या दुपारी तिच्यासाठी इथवर आला होता. आठ वाजता तो बसलाही असता. याबद्दल तिला शंका नव्हती. डुलक्या काढत का होईना, हो हो करत राहिला असता, आणि आजची एक संध्याकाळ तिला मिळाली असती.

“हो, आठ वाजता,” तिने लिहिलं. बोट पाठवायच्या खुणेवर ठेवलं. मग ते सगळं खोडलं आणि दुसरं लिहिलं.

“आज नको रे. मला धीर धरवला नाही, मी कालच वाचून संपवलं. शपथ मोडली, माफ कर. शेवट छान आहे. तू सवडीने वाच, नाही वाचलंस तरी चालेल. गट आता बंद करते. इतकी वर्षं भांडलास, बरं वाटलं.”

पाठवलं. चार पावलांवर त्याचा फोन वाजला.

“अगं, हिने वाचून टाकलं की,” तो म्हणाला.

“बघ,” बायको म्हणाली. “तू उगाच जीव टाकत होतास. ती थांबली का तुझ्यासाठी?”

“नाही थांबली.” तो पुन्हा एकदा फोनकडे बघत राहिला. “मला वाटलं होतं थांबेल.”

“आता तोंड कशाला पाडतोस? सुटलास ना?”

“सुटलो,” तो म्हणाला.

पेइ-चीच्या फोनवर नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र आलं. बाहेर त्याने स्कूटरची गादी उचलली, पार्सल आत टाकलं, त्यावर भाजीची पिशवी ठेवली. गादी नीट बसेना म्हणून बायकोने वरून दाबली. मग दोघं गेली.

पेइ-ची बसून राहिली. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. गल्ल्यावरची बाई फडकं घेऊन खिडकीशी आली, बाजूची जागा पुसली आणि अंड्यांची टरफलं उचलताना हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, सकाळपासून बसलायत. कोणाची वाट बघत होतात ना? नाही आले का?”

“आला होता,” पेइ-ची म्हणाली. “आत्ताच गेला.”