ओसरीवरचा वास

बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडाचा वास आमच्या घरात परत आला. गोडसर, कुबट, सडायला लागलेल्या फळासारखा. आधी तो मायला आला. मी सुट्टीला मानवतहून ताडकळसला पोचले, तर तिनं मला उंबऱ्यातच धरलं.

"पिंके, तुझा बाप यायलाय गं. दुपारचं ओसरीवर बसायलाय."

"माय, आपल्यात भूतं मानत न्हाईत. बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुला?"

"मी कुटं मानायले? पण वास यायलाय तर काय करू?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. हसण्यावारी नेलं. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीवर टेकले आणि तोच वास मलाही आला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? तिथं माझ्याशिवाय फक्त माझा धाकटा भाऊ धम्मानंद होता, भिंतीला टेकून पेंगत बसलेला.

आमचे बाबा, तात्याराव, दारूनं गेले. निदान आम्ही तसं मानत होतो. शेवटी शेवटी त्यांच्या झोकांड्या जायच्या, जीभ अडखळायची, दिवसा पेंगायचे, आणि तोंडाला तो वास. "मी थेंब घेतला न्हाई गं चांगुणा," मायला म्हणायचे. सगळेच पिणारे असं म्हणतात. विहारात चारचौघांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतलेला माणूस! मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. गाव बोललं, आणि मायनं त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं. तिथंच एका दुपारी रक्ताची उलटी होऊन ते गेले.

मी आल्यावर चौथ्या दिवशी धम्मानंदानं त्याच जागी रक्त ओकलं. तांब्याभर तरी असेल. "सोड त्याला!" माय किंचाळली. "माझ्या लेकराला सोड!" ती भिंतीकडं बघून बोलत होती.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती पितो?"

"पीत नाही."

"सगळेच असं म्हणतात, मॅडम."

माझ्या मस्तकात तिडीक गेली, आणि लगेच मी गार पडले. हे वाक्य आमच्याच घरातलं होतं.

रक्त चढवून त्याला दुर्बिणीनं पोट तपासायला आत नेलं. बाहेर बाकावर बसून मी भावाचा जीव मागायला हवा होता, आणि मागतही होते. पण लाज सोडून सांगते, आणखी एक गोष्ट मागत होते. हा चोरून पीत असावा. कारण हा पीत नसेल, तर बाबाही पीत नसतील.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. पोटातल्या शिरा फुगून त्यातली एक फुटली होती. दुर्बिणीतूनच तिच्यात गोंदासारखं औषध टोचून ती बंद केली होती. रक्त थांबलं होतं.

"हिपॅटायटिस बी निघालाय," ते म्हणाले. "बरीच वर्षं अंगात असणार. लिव्हर त्यानं खराब झालंय, दारूनं नाही. मघाशी बोललो त्याबद्दल माफ करा. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करू. तोवर लक्ष ठेवा. लिव्हर काम करेना की घाण डोक्यात चढते. माणूस पेंगतो, झोकांड्या खातो, बरळतो, तोंडाला गोडसर वास येतो. लोकांना वाटतं, प्यायलाय. असं दिसलं की लगेच घेऊन यायचं."

माय उठून उभी राहिली.

"आमी त्याला बाहीर ठिवलं, सायेब. ओसरीवर."

ती धम्मानंदाबद्दल बोलतेय असं डॉक्टरांना वाटलं. ते चिडले. "असं करतात का बाई? अशानं माणूस मरतो."

"व्हय," माय म्हणाली. "मेला."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, मी काही सांगीन म्हणून. माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं, ते मी मायलाही कधी सांगितलेलं नाही. बाबा गेले त्या दुपारी ती मजुरीला गेली होती. बाबांनी दार वाजवलं, "पिंके, पाणी दे गं," म्हणाले. मी बारा वर्षांची होते, घरात जागी होते, आणि मी कडी काढली नाही.