डाव्या पायाचा बूट

दाराआड बुटांचा एक जोड होता. उजवा झिजून टाचेला फाटलेला, डावा जवळजवळ कोरा. साखरेच्या आजारानं बाबांचा डावा पाय कापला, त्यानंतर ते दीड वर्ष जगले. आई मात्र दर रविवारी दोन्ही बूट पुसायची.

त्या सकाळीही ती पुसत बसली होती. लेक वस्तीच्या दवाखान्यात नर्स. निघता निघता तिचं लक्ष आईच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीकडे गेलं.

"आई, हे काय?"

"ठेच लागली गं. झाले असतील पंधरा दिवस. दुखत नाही मुळीच."

लेक दारातून परत फिरली. बाबाही अगदी असंच म्हणाले होते. साऱ्या वस्तीची साखर तपासणारी ही बाई, आणि तिच्याच घरी दिव्याखाली अंधार!

आईनं चहात तिसरा चमचा साखर घातली. "अंगात त्राणच राहत नाही, म्हणून जरा जास्त घेते."

"ठेव तो चमचा! साखर बंद, मैद्याचा पाव बंद. पूर्वीसारखे कंद खा, रानभाजी खा. आणि आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

आईनं खाटेखालून एक झाकलेलं पातेलं ओढलं. आत उकडलेले कंद होते.

"शेजारणीनं दिले काल, मी उकडले. तुला वास येईल म्हणून लपवले."

"माझ्यापासून?"

"तूच म्हणाली होतीस ना, घरात असलं शिजवू नका म्हणून?"

डोंगरावरून खाली आणून वसवलेली ही माणसं. इथल्या शाळेत लेकीनं पहिल्यांदा कंदांचा डबा उघडला, तेव्हा बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि तिला बाहेर पायरीवर एकटीला जेवायला बसवलं. संध्याकाळी पोरीनं डबा भिरकावला. बाबांनी खणायची कुदळ माळ्यावर टाकली आणि दुकानातून पाव, साखर आणली. घरोघरी हेच झालं. आता वस्तीत कुणी कंद शिजवलेच, तर दार लावून शिजवतात.

"आई, मीच मारलं का गं बाबांना?"

"वेडी की काय! आठ वर्षांची होतीस. लोक हसतील म्हणून आम्हीच घाबरलो."

लेकीला उत्तर मिळालं, पण समाधान झालं नाही. दवाखान्याच्या वाटेवर तिला आपल्यामागे सतत बाबांच्या कुबडीची टकटक ऐकू येत होती. वळून पाहावं तर लंगडत येणारी आई.

डॉक्टरांनी जखम पाहिली, लेकीचं कंदांबद्दलचं बोलणंही ऐकलं. "अंगठा काढावा लागेल. पाय वाचेल बहुतेक. गेलेलं कंद खाऊन परत येत नाही, सिस्टर. पण राहिलंय ते सांभाळायला आता जेवणच बदलायला हवं."

दुपारी लेक एरवीसारखी जेवायला आतल्या खोलीत गेली नाही. रोग्यांच्या बाकावर बसून तिनं सकाळी त्या पातेल्यातून भरलेला डबा उघडला. कंपाउंडरनं नाक मुरडलं. "हे कसलं हो?"

"कंद. माझ्या आईनं शिजवलेत." डबा तिनं झाकला नाही.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग पिशवीत तळाशी दडवलेला आपला डबा काढून तो तिच्या शेजारी सरकला.

आईचा अंगठा गेला, पाय राहिला. माळ्यावरची कुदळ खाली आली. दाराआडचे बूट मात्र तिथंच आहेत; लेक रोज सकाळी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडायचा प्रयत्न करते, आणि तिला ते जमत नाही.

शाळेतल्या त्या बाई निवृत्त होऊन सुखात आहेत म्हणे. त्यांना यातलं काहीच आठवणार नाही. आपण नाकाला रुमाल लावलेला कुणाच्या लक्षात राहतो? वाचकहो, तुम्हीच आठवून बघा, तुमच्या लक्षात आहे का?