वाकड्या गजाची मास्तरकी

सांगा बघू, भरवसा कोणावर ठेवावा? दुकानदाराच्या गोड जिभेवर, मास्तरांच्या रागावर, की माझ्यासारख्या वाकड्या लाकडावर? घाई करू नका, आधी माझं ऐकून घ्या. मी कापड मोजायचा गज.

रत्नागिरीच्या बाजारात विठूशेटच्या दुकानी मी खण-लुगडी मोजली. शिक्षण शून्य, पण गिऱ्हाइकाच्या बोटांवरून ओळखायचो, हा घेणार की नुसतं चुरगाळून जाणार. पुढे खारट हवेनं मला बाक आला. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, तेव्हा सन सव्वीसच्या सुमारास शेटनी मला शाळेला दान करून टाकलं. दुकानात नालायक ठरलेला मी पोरांना सरळ करायला लायक ठरलो.

हरिश्चंद्र मास्तर घाटावरचे, नवे. त्यांच्या वर्गात तुळसा नावाची खाडीकाठची पोर होती. शिकवणं चालू असताना ती न विचारता उठून पळायची. आज सकाळी, उद्या जरा उशिरा, पुढे पुढे तर भर दुपारी. पोरं म्हणायची, "हिला खाडीतलं कायतरी लागलंय." मास्तर म्हणायचे, "माजलीय." आणि मी? दोनदा तिच्या पोटऱ्यांवर बसलो आणि ऐटीत राहिलो, जणू शाळा मीच चालवतो.

शेवटी मास्तरांनी ठरवलं, आज मार आणि उद्या शाळेतून नाव कमी.

"हात पुढे कर."

तिनं केला. तळवा बारीक चिरांनी भरलेला. मी हवेतच थांबलो.

"हे कशानं?"

"कालवांच्या शिंपल्यांनी, गुर्जी. आयला नीट दिसत नाय. पाणी उतरलं का खडकावर मलाच जायाला लागतं, कालवं फोडायला."

"पण रोज निराळ्या वेळी?"

"पाणी रोज उशिरानं उतरतं. तुमच्याकडं नाय उतरत?"

वर्ग हसला. मास्तरही हसले. "आमच्याकडे विहिरीचं उतरतं, ते एकदम चैत्रात, बाई."

दुसऱ्या दिवसापासून वर्गातला पहिला प्रश्न ठरला, "तुळसाबाई, आज ओहोटी कधी?" त्याप्रमाणे तिचं गणित आधी किंवा मागाहून. नाव कमी झालं नाही. ती सांगून जायची आणि परत यायची.

हल्ली मी खिडकीला टेकू आहे. तुळसा चौथी पास झाली त्या दिवशी मास्तर मला हातात घेऊन म्हणाले, "ते दोन फटके काही परत घेता येत नाहीत."

म्हणून मास्तरहो, एक विनंती. पोराच्या नावावर खोडी मांडाल, तेव्हा शेजारी हेही मांडा, की आपण त्याला आधी विचारलं होतं का. हिशेब चोख ठेवा. विचारलं नसेल, तर ती जागा कोरीच दाखवा.