उठताना सांगून उठा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, केनवडच्या बाजारात बदरुद्दीन शिंप्याच्या दुकानासमोरचा. सागवानी आहे, हे आधीच सांगतो. कारण समोरच्या चहाच्या टपरीवर लाल प्लास्टिकची एक खुर्ची आहे, आणि तिचं नाव काढलं तरी माझा जळफळाट होतो.

सुताराने मला उरलेल्या फळीतून बनवलं आणि पाय मधोमध ठोकले. त्यामुळे एका टोकाचा माणूस न सांगता उठला, की मी एकीकडे कलून उलार होतो आणि दुसरा खाली पडतो. म्हणून बदरुद्दीन आणि त्याचा दोस्त देवमन, एसटीतला निवृत्त कंडक्टर, यांचा एक रिवाज होता. एकाने म्हणायचं, "उठून राह्यलो रे," आणि दोघांनी मिळून उठायचं. चहाही एकच यायचा. कप बदरुद्दीनचा, बशी देवमनची. अशी जोडी माझ्यावर बसायची, मग मला तोरा का नसावा?

पुढे देवमनने एका कोळसा कंपनीचे शेअर घेतले. बदरुद्दीनच्या पोटात दुखलं. त्याने आपला मुलगा अरसलान याच्याकरवी दुसऱ्या कंपनीचे घेतले. या दोन कंपन्यांच्या खाणी एकमेकींना लागून होत्या, आणि हद्दीवरून त्यांची कोर्टात जुंपली. एकीचा शेअर वर गेला की दुसरीचा खाली यायचा. एकाचा चेहरा फुलला की दुसऱ्याला चहा कडू लागायचा.

"तुह्या कंपनीनं आमचा कोळसा खाल्ला," देवमन म्हणायचा.

"तुमचा? खाण तरी पाह्यली काय कधी? आमचा पट्टा पयलेपासून हाय!"

खाण दोघांनीही पाहिली नव्हती. दोघं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसत. मला त्या मोबाइलचाही हेवा वाटे.

एके दिवशी कोर्टाने देवमनच्या कंपनीच्या बाजूने स्थगिती दिली. देवमनने मुद्दाम पेढे आणले आणि पहिला बदरुद्दीनपुढे धरला. बदरुद्दीन ताडकन उठला, न सांगता. देवमन आडवा, पेढे धुळीत, आणि सारा बाजार हसला.

"मुद्दाम पाडलं मले!" म्हणून देवमन गेला तो थेट त्या लाल खुर्चीवर. तिला ना घडण, ना वजन! तरी माझा माणूस तिने नेला. बदरुद्दीन माझ्या मधोमध एकटाच बसू लागला. चहा दोन येऊ लागले. बदरुद्दीनची बशी कोरडीच परत जायची, आणि मला रडू यायचं.

मग एका सकाळी अरसलानने मोबाइल पुढे केला. "अब्बा, समझोता झाला. दोनी कंपन्या एक होऊन राह्यल्या. हे पाहा, मालक लोकं गळाभेट घेऊन राह्यले."

देवमनने टपरीवरून ऐकलं. तो उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बदरुद्दीन मधून सरकला, आपल्या जुन्या टोकाला. माझं दुसरं टोक वर उठू लागलं.

"पाहत काय राह्यला? बस ना, पडून राह्यलो मी!" बदरुद्दीन ओरडला.

देवमन धपकन बसला. माझी फळी करकरली, पण मी सरळ झालो.

मित्रांनो, हेवा मलाही सुटलेला नाही. ती खुर्ची आज रिकामी आहे, याचा मला फार आनंद आहे. पण भांडलात तरी सोबत बसलेल्याला सांगून उठा. थांबा, चहा आला. एकच आहे.