उलटा फोटो

धाकटीच्या लग्नात हॉलमध्ये तिचे लहानपणापासूनचे फोटो लावायचे होते, आणि त्यांत तिच्या गालावरचा पांढरा डाग दिसता कामा नये, असा आईचा हट्ट होता. थोरली स्टुडिओत फोटो सुधारायचं काम करायची, त्यामुळे हे लचांड आपसूक तिच्या गळ्यात पडलं. धाकटीला विचारू या, असं ती दोनदा म्हणाली. आईने दोन्ही वेळा विषय बदलला.

एकेक फोटो कुठे घासत बसायचा, म्हणून तिने सगळे फोटो कॉम्प्युटरकडून आपोआप सुधारून घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फोटोत चेहरा शोधायचा, तेवढाच भाग निवडायचा आणि त्यातल्या फार उजळ पिक्सेलना कातडीचा रंग द्यायचा. चहा संपायच्या आत अख्खा फोल्डर उरकला आणि बाई स्वतःवरच खूश झाल्या.

मग तिने पहिला फोटो उघडला. डाग गेला होता. दातही गेले होते. डोळ्यांतलं पांढरंही. उजळ दिसेल ते स्क्रिप्टने इमानेइतबारे लिंपून टाकलं होतं. शाळेतली धाकटी, सायकलवरची धाकटी, सगळीकडे हसऱ्या तोंडात नुसती कातडी.

स्टुडिओत ती कायम कॉपीवर काम करायची. घरच्या कामाला कसली आलीय शिस्त, म्हणून इथे मूळ फोटोंवरच सेव्ह केलं होतं. छापील फोटो घर बदलताना कधीच हरवले होते. तिने बदल उलटा फिरवून पाहिला. पण सगळ्या पिक्सेलना एकच रंग फासल्यावर आधीचा कुठला, हे कोण सांगणार? ती उठली, खिडकी उघडली, लावली, परत बसली. एकामागून एक फोटो उघडत सुटली. तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात धाकटी मागे येऊन उभी राहिली. स्वतःचं बोळकं पाहून आधी खो खो हसली, मग तिचा हात गालाकडे गेला.

“डाग काढत होतीस?”

“आई म्हणाली,” थोरली म्हणाली. मग तिच्याकडे वळून म्हणाली, “आणि मी हो म्हटलं.”

धाकटीने माउस ओढून घेतला आणि उरलेले फोटो पाहत गेली. एकात थोरलीने तिला पाय धरून उलटं लटकवलं होतं. उलटा चेहरा स्क्रिप्टला ओळखताच आला नव्हता. दात, डोळे, डाग, सगळं जागच्या जागी होतं.

“हाच लाव. मोठा करून.”

“आई विचारेल, उलटा का म्हणून.”

“सांग तिला, सरळ राहिले की घरचेच मला पुसून टाकतात.”